काळा शेरीफ ही कल्पनेची भरारी नव्हती

मेल ब्रुक्सच्या ‘ब्लेझिंग सॅडल्स’ (1974) या विनोदी वेस्टर्नचा, म्हणजे जुन्या अमेरिकन पश्चिमेतल्या सिनेमाचा, नायक बार्ट हा काळा शेरीफ, म्हणजे कायदा सांभाळणारा स्थानिक अधिकारी आहे. या सिनेमाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘त्या काळात काळा शेरीफ कुठला असणार? विनोदासाठी काहीतरी अशक्य घेतलंय.’ हे खरं नाही.

सिनेमाची गोष्ट 1874 सालची आहे. त्याच्या पाच वर्षं आधी, 1869 मध्ये, टेक्सासच्या फोर्ट बेंड काउंटीत वॉल्टर बर्टन शेरीफ म्हणून निवडून आला होता. तो पूर्वी गुलाम होता, आणि पुढे टेक्सासच्या सिनेटमध्येही बसला. 1875 पासून बास रीव्ह्ज या काळ्या डेप्युटी मार्शलने (केंद्र सरकारच्या पोलीस अधिकाऱ्याने) तीसहून अधिक वर्षं गुन्हेगार पकडले. गुराख्यांमध्येही साधारण चारातला एक काळा होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ही माणसं हॉलिवूडच्या वेस्टर्नपटांनी वर्षानुवर्षं पडद्यावर जवळजवळ येऊच दिली नाहीत, म्हणून आपल्याला ती अशक्य वाटतात.

बार्ट गावात येतो तो प्रसंग आठवा. बँड तयार, स्वागताचं भाषण हातात, आणि त्याचा चेहरा दिसताच सगळं गाव गप्प. बंदुका रोखल्या जातात तेव्हा बार्ट स्वतःच्याच मानेला पिस्तूल लावतो, स्वतःलाच ओलीस धरतो आणि सुटतो. इथे हसं होतं ते गावाच्या भीतीचं, बार्टचं नाही. पटकथेच्या पाच लेखकांत रिचर्ड प्रायर हा काळा विनोदवीर होता, हेही पुष्कळांना माहीत नसतं. बार्टची भूमिका त्यालाच द्यायची ब्रुक्सची इच्छा होती. स्टुडिओने नकार दिला, आणि ती क्लीव्हन लिटलने अजरामर केली.