फोल्डरची लिंक

दुसऱ्या संगणकावर किंवा सर्व्हरवर ठेवलेला फोल्डर इंटरनेटवरून उघडता यावा म्हणून पाठवलेला, क्लिक होणारा पत्ता. फाइल पाठवली की तिची प्रत समोरच्याकडे जाते. लिंक पाठवली की फोल्डर जागचा हलत नाही आणि त्यात उद्या भर पडली तर तीही त्याच लिंकवर दिसते. लग्नाचे आठशे फोटो व्हॉट्सॲपवर ओतण्याऐवजी फोटोग्राफर एक निळी ओळ पाठवतो, ती हीच.

दूरच्या फोल्डरपर्यंत पोहोचण्याची जुनी वाट म्हणजे एफटीपी, नेटवर्कवरून फाइली आणण्या-नेण्याची नियमावली. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये तिचा पहिला मसुदा लिहिला. पुढे सार्वजनिक सर्व्हरवर ‘ॲनॉनिमस’ या नावाने कोणालाही आत जाता येऊ लागले. पासवर्डच्या जागी आपला ईमेल पत्ता टाकायचा, तोही शिष्टाचार म्हणून. क्लिक करण्यासारखे मात्र काही नव्हते. सर्व्हरचे नाव वेगळे सांगायचे, फोल्डरचा मार्ग वेगळा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या यूआरएलने, म्हणजे वेबवरच्या पत्त्याच्या पद्धतीने, हे सगळे एका ओळीत बसवले. डिसेंबर १९९४ च्या आरएफसी १७३८ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात ते नियमबद्ध झाले.

ऑफिसमधल्या विंडोज नेटवर्कवर मात्र दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा मार्ग रूढ झाला, आणि त्याचा छळ अनेकांनी सोसला आहे. फोल्डरचे नाव ‘हिशेब २०१९’ असेल तर मेलमधली लिंक ‘हिशेब’पाशीच तुटते, कारण मधली मोकळी जागा म्हणजे पत्ता संपला असे मेलचा प्रोग्राम समजतो. यूआरएलमध्ये त्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि २० हा अंक लिहावा लागतो. देवनागरी नावांची गंमत आणखी मोठी: यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला (मात्राही वेगळी मोजून) तीन बाइट लागतात आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो, त्यामुळे ‘फोटो’ हा दोन अक्षरी, पण चार चिन्हांचा शब्द लिंकमध्ये ३६ अक्षरांचा होतो. शिवाय उलट्या रेघांचे हे मार्ग ऑफिसच्या नेटवर्कपुरतेच असतात. त्यामागचा एसएमबी हा फाइल शेअर करण्याचा प्रोटोकॉल इंटरनेटवर उघडा ठेवणे किती महागात पडते, हे मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा जगाने पाहिले. वेबच्याच वाटेने फोल्डर उघडता यावा, त्यात फाइल ठेवता यावी, म्हणून १९९९ मध्ये वेबडॅव्ह हे तंत्र आले. ते चांगले होते, पण सर्वसामान्यांच्या हाती फारसे आले नाही.

लिंक घरोघरी पोहोचवली ती ड्रॉपबॉक्स (स्थापना २००७) आणि गूगल ड्राइव्ह (एप्रिल २०१२) यांनी. इथे लिंकचा स्वभावच बदलला. एफटीपीची किंवा ऑफिसची लिंक हा नुसता पत्ता होता. कुलूप सर्व्हरवर, किल्ली वापरणाऱ्याकडे. ‘लिंक असलेले कोणीही’ असा पर्याय निवडलेल्या ड्राइव्हच्या लिंकमध्ये पत्ता आणि किल्ली एकत्रच असतात. त्यातला लांबलचक, अर्थहीन अक्षरांचा तुकडा ओळखणे जवळजवळ अशक्य, एवढाच काय तो पहारा. हा पर्याय न निवडता लिंक पाठवली तर समोर फोटोंऐवजी ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ची पाटी येते, आणि फॅमिली ग्रुपवर ‘उघडत नाहीये’ सुरू होते. त्या घाईत ‘व्ह्यूअर’ऐवजी ‘एडिटर’ निवडला जातो. मग एखाद्याने जागा करायला म्हणून आपल्या मोबाइलवरून फोटो काढून टाकले की ते फोल्डरमधून सगळ्यांसाठीच जातात.

किल्ली आखूड असली तर काय होते, हे न्यूयॉर्कच्या कॉर्नेल टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. पाच-सहा अक्षरांच्या लघुलिंक संगणकाकडून एकामागून एक चाचपून घेऊन त्यांनी वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या सेवेवरचे अनोळखी लोकांचे फोल्डर गाठले. काहींत लिहिण्याचीही मुभा होती. गूगलनेही २०२१ मध्ये ड्राइव्हवरच्या अनेक जुन्या लिंकांना ‘रिसोर्स की’ हा जादा तुकडा जोडला.

नावावर बेतलेली लिंक फोल्डरचे नाव बदलताच मरते. ड्राइव्हची लिंक ओळख-क्रमांकावर चालते, म्हणून नाव बदलले, फोल्डर दुसरीकडे हलवला, तरी ती टिकते. शेअरिंग बंद केले की मात्र लगेच निकामी होते, अर्थात तोवर कोणी डाउनलोड केलेले परत घेता येत नाही. एफटीपीच्या लिंकांचे म्हणाल तर २०२१ मध्ये फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांनीही त्यांचा आधार काढून घेतला. जुन्या वेबपानांवर त्या अजून निळ्या दिसतात. क्लिक केल्यावर ब्राउझर त्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामच्या गळ्यात घालू पाहतो.