ब्रेकच्या नळीत अडकलेला बुडबुडा

"जुन्या गाडीचे ब्रेक असेच असतात, दोनदा मारायचे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की राग येतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिचं पेडल पहिल्याच दाबाला टणक लागत होतं. आज ते स्पंजसारखं आत जात असेल तर तो वयाचा दोष नाही. बहुतेक वेळा नळ्यांमध्ये हवा शिरलेली असते. ती काढायला, गॅरेजच्या भाषेत 'एअर काढायला', पेडलवर बसणारा दुसरा माणूस हवाच, हाही एक गैरसमज. मी माझ्या जुन्या गाडीची एअर नेहमी एकट्यानं काढतो. ते कसं जमतं हे समजायला आधी त्या बुडबुड्याला समजून घ्यावं लागतं.

पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. हा नियम मांडणारा पास्कलचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. मोटारीच्या चाकापर्यंत हा नियम पोहोचायला मात्र विसावं शतक उजाडलं. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना द्रवाचे ब्रेक आले. त्याआधी पेडलपासून चाकापर्यंत सळ्या आणि तारा होत्या. चारही चाकांना सारखा जोर मिळावा म्हणून त्या सतत जुळवाव्या लागत. द्रवाला हे जुळवणं आपोआप जमतं.

आता थोडे आकडे. पायाचा जोर ३० किलो धरू. पेडलची तरफ तो पाचपट करते, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे नळ्यांमधल्या ऑइलवर दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरच्या, पिस्टनवर १५० किलो. सिलिंडरचा व्यास २२ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंटिमीटर, आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ४० किलो. या दाबाखाली एक घन सेंटिमीटर ब्रेक ऑइल सुमारे दोन सहस्रांशानं आक्रसतं. तेवढीच हवा, बॉइलच्या नियमानं (दाब जितक्या पट वाढतो तितक्या पटीनं हवा आक्रसते), एक चाळीसांश उरते. म्हणजे तो घन सेंटिमीटर जवळजवळ पूर्ण नाहीसा होतो, आणि त्याची जागा भरायला पिस्टनला २.६ मिलिमीटर जास्त सरकावं लागतं. पेडलवर ते पाचपट, म्हणजे १३ मिलिमीटर. तीन घन सेंटिमीटर हवा असेल तर पेडल चार सेंटिमीटर फुकट खाली जातं, आणि जुन्या गाडीत पेडलखाली फार जागा नसतेच.

हवा सगळ्यात जास्त आक्रसते ती सुरुवातीला. दाब वातावरणाच्या दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं, आणि एवढ्या दाबासाठी, परतीच्या स्प्रिंगा बाजूला ठेवल्या तर, पायाचा जोर किलोभरसुद्धा लागत नाही. म्हणून पेडल आधी अलगद बुडतं आणि मग हळूहळू घट्ट होत जातं. एक ओळख इथेच सांगतो. दोन-तीनदा भरभर दाबल्यावर पेडल वर येऊन टणक होत असेल, तर दोष बहुधा ब्रेक शू आणि तो ज्याला आतून घासतो त्या चाकाच्या ड्रममधल्या फटीचा असतो. ती आधी जुळवावी. कितीही दाबलं तरी पेडल लवचिकच राहत असेल, तर हवा.

हवा हलकी, मग ती आपोआप वर येऊन ऑइलच्या टाकीतून निघून का जात नाही? मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडतो तो हा प्रश्न.

फिशटँकला हवा देणारी पारदर्शक नळी घ्या. तिचं भोक साधारण ४ मिलिमीटरचं असतं. तिच्यात पाणी भरा, मध्ये बोटाच्या पेराएवढा बुडबुडा राहू द्या, दोन्ही टोकं चिमटीत बंद करा आणि नळी उभी धरा. बुडबुडा वर चढायला हवा. तो चढत नाही. जिथे आहे तिथेच बसून राहतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नळी उलटसुलट करून पाहिली, टिचक्या मारल्या. तो जागचा हलला नाही.

बुडबुडा वर जायचा म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या पाण्यानं खाली यायला हवं. ते येणार कुठून? बुडबुडा आणि नळीची भिंत यांच्यामधल्या फटीतून. रुंद नळीत ही फट पुरेशी असते. अरुंद नळीत पृष्ठताण बुडबुड्याचं टोक गोल आणि ताठ ठेवतो, बुडबुडा भिंतीला चिकटून बसतो आणि पाण्याला वाट उरत नाही. वजन खाली ओढतं, पृष्ठताण वाट अडवतो. नळी जितकी बारीक तितका पृष्ठताण वरचढ. फ्रान्सिस ब्रेदरटन यांनी १९६१ साली याचं गणित मांडलं: नळीची त्रिज्या एका ठरावीक मर्यादेखाली गेली की लांब बुडबुडा आपणहून चढतच नाही. ही मर्यादा पृष्ठताण, घनता आणि गुरुत्वाकर्षण या तिघांवर ठरते. पाण्यासाठी ती व्यासात ५ मिलिमीटरच्या आसपास येते. ब्रेक ऑइलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याच्या जवळपास असतो, म्हणून तिथे ती साडेतीन मिलिमीटरच्या आगेमागे. आणि ब्रेकच्या धातूच्या नळीचं आतलं भोक असतं साधारण तीन!

म्हणजे नळीतला बुडबुडा वर्षभर गाडी उभी ठेवली तरी तिथेच. पण याच हट्टामुळे त्याला बाहेर काढणंही सोपं होतं. द्रवाला वाट न देणारा बुडबुडा द्रवाबरोबर सरकतो, दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखा. वर, खाली, वळणावर, कुठेही, आणि अगदी संथ प्रवाहातसुद्धा. पेडल ८ सेंटिमीटर दाबलं तर पिस्टन १६ मिलिमीटर सरकतो आणि सहा घन सेंटिमीटर ऑइल ढकलतो. तीन मिलिमीटरच्या नळीत तेवढं ऑइल म्हणजे ८५ सेंटिमीटरचा प्रवास. मागच्या चाकापर्यंत नळी चार मीटर असेल तर मास्टर सिलिंडरजवळचा बुडबुडा पाचव्या दाबाला चाकापाशी पोहोचतो. दोन दाबांत काही दिसलं नाही म्हणून निपल (चाकाच्या सिलिंडरवरचा, हवा बाहेर सोडायचा पोकळ स्क्रू) बंद करणाऱ्यांची हवा आतच राहते. चाकाचा सिलिंडर मात्र रुंद. तिथे बुडबुडा मोकळा होऊन वर तरंगतो, आणि निपल नेमका वरच्या अंगाला बसवलेला असतो.

मग साथीदार नक्की काय करतो? तुम्ही निपल बंद करेपर्यंत तो पेडल दाबून धरतो, म्हणजे पेडल वर येताना बाहेरची हवा आत ओढली जात नाही. तो एक झडप आहे. झडपेचं काम नळी आणि बाटलीलाही करता येतं. निपलवर घट्ट बसणारी ५–६ मिलिमीटर भोकाची पारदर्शक नळी लावायची. ती आधी निपलच्या वर वीत-दीड वीत चढवायची, मग खाली आणून तिचं टोक बाटलीतल्या ताज्या ऑइलमध्ये बुडवायचं. ही नळी रुंद, म्हणून बुडबुडे तिच्यात वर चढून कमानीत जमतात. पेडल सोडल्यावर काही मागे ओढलं गेलंच तर निपलजवळचं ऑइल जातं, हवा नाही. शिवाय मास्टर सिलिंडरमधलं रबर असं बनवलेलं असतं की पिस्टन परतताना टाकीतलं ऑइल त्याच्या कडेनं पुढे येतं. ती वाट जवळची, म्हणून निपलकडून ओढ कमीच बसते. निपल अर्धा फेरा सैल करायचा, पेडल सावकाश दाबायचं, त्याहून सावकाश सोडायचं. दर पाच-सहा दाबांनी टाकी बघायची. जुन्या गाड्यांची टाकी लहान असते आणि ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या ज्या भागापर्यंत जात नाही तिथे गंज असतो. पेडल तळाला टेकवलं की रबर त्या गंजावरून घासतं, फाटतं, आणि हवा काढता काढता मास्टर सिलिंडर गळायला लागतो. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून ऑइलचं एकच सर्किट असतं, म्हणजे ते गळलं की चारही ब्रेक जातात, हे विसरू नका.

भराभर पंप मारला की हवा लवकर निघते ही समजूत तर अंधश्रद्धेच्याच रांगेतली. जोरानं मारलं की मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो. छोट्या बुडबुड्याचा चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. ब्रेक ऑइलमध्ये ०.१ मिलिमीटरचा बुडबुडा १० सेंटिमीटर चढायला चारेक मिनिटं घेतो, त्याच्या एक पंचमांश आकाराचा जवळजवळ दोन तास. ऑइलचा डबाही म्हणून हलवू नये. सिलिकॉनचं डॉट ५ (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत) हे जुन्या गाड्यांवरचं कायमचं औषध म्हणून सांगितलं जातं, तेही अर्धसत्य. ते पाणी शोषत नाही आणि रंग खराब करत नाही, हे खरं. पण त्यात हवा जास्त विरघळते, बारीक बुडबुडे रेंगाळतात, आणि आत शिरलेलं पाणी न मिसळता तळाला साचून तिथेच गंज धरतं. नेहमीच्या ग्लायकॉल ऑइलमध्ये ते मिसळायचं तर मुळीच नाही. गाडीच्या पुस्तकात जे सांगितलं असेल तेच भरावं. ग्लायकॉल ऑइल पाणी शोषतं, म्हणून ठरावीक काळानं बदलावंही लागतं: डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २०५ अंश सेल्सियस, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर १४० अंश.

चारही चाकं झाली की पेडल जोरात दाबून मिनिटभर धरतो. ते हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे आणि गाडी हलवायची नाही. सरकलं नाही तरी मी त्या दिवशी गाडी बाहेर काढत नाही. ती रात्र बारीक बुडबुड्यांसाठी असते. सकाळी नळी पुन्हा लावतो, प्रत्येक निपल अर्धा फेरा सैल करतो आणि पेडल एकदाच, अगदी सावकाश दाबतो. परवा मागच्या डाव्या चाकातून टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा आला, नळीतून वर चढला आणि कमानीत जाऊन थांबला. निपल आवळला, पेडल दाबलं. बोटभर खाली गेलं आणि टणक थांबलं. मग सपाट जागेवर, चालण्याच्या वेगानं, पहिला ब्रेक.