वाड्याच्या बैठकीचा गडद रंग: काव, पिवडी आणि निळीची पार्श्वभूमी

जुन्या वाड्याला पांढराच रंग शोभतो, हे मत वाड्यांइतके जुने नाही. विदर्भातल्या एखाद्या जुन्या बैठकीत दाराच्या चौकटीमागचा किंवा विजेच्या बोर्डाखालचा थर हलक्या हाताने खरवडला, तर वरून खाली असा क्रम पुष्कळदा दिसतो: क्रीम रंगाचे इमल्शन, त्याखाली पिस्ता किंवा आकाशी डिस्टेंपर, मग चुन्याचे अनेक पांढरे हात, आणि अगदी गिलाव्यालगत तांबड्या मातीची काव, पिवळ्या मातीची पिवडी किंवा निळा. म्हणजे आज कोणी बैठकीला गडद रंग द्यायचा म्हटले की 'हे शहरी खूळ' असे जे ऐकू येते, त्याला इतिहासाचा आधार नाही. मात्र जुना गडद रंग चारही भिंतींवर, छतापासून जमिनीपर्यंत सहसा नसे. तो कुठे द्यायचा आणि कशात कालवायचा, हे चुना, उजेड आणि बसण्याची पद्धत ठरवत.

आज उभे असलेले बरेचसे वाडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले किंवा वाढवलेले आहेत. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, १८७० साली खामगावला फाटा निघाला. पाटील-देशमुखांच्या, सावकारांच्या आणि नागपूर-भंडारा-चांद्याकडच्या मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकांच्या, घरात रोख पैसा खेळू लागला, तो पैसा भिंतींवर आणि सागवानावर दिसला. घरात शिरताना ढाळज, मग चौक, ओसरी आणि तिला लागून बैठक. सारा, कर्ज, सोयरीक, तंटा सगळे इथेच बसून व्हायचे. मालकाची ऐपत पाहुण्याला पहिल्यांदा याच खोलीत दिसे, म्हणून रंगाचा खर्चही इथेच. स्वयंपाकघराला आणि माजघराला शेणामातीचे सारवण, पूर्वेकडे छुईची पांढरी माती, एवढे पुरे असे.

भिंतीचा गाभा पांढऱ्या मातीचा किंवा मातीत बांधलेल्या विटांचा असे. काळी माती गिलाव्याला कोणी वापरत नसे, कारण ती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते. वरचा गिलावा चुन्याचा: एक भाग चुना, दोन-तीन भाग रेती किंवा सुरखी (विटांचा भुगा), बैलाच्या घाण्यात मळलेली, त्यात अंबाडीचे किंवा तागाचे तंतू. वऱ्हाडात शेतात सापडणारी चुनखडी भाजून जो चुना मिळे त्यात मातीचा अंश असतो. तो जोडाईला उत्तम, पण रंग राखाडी. वणी-राजुऱ्याच्या पट्ट्यातला चुनखडक त्यापेक्षा शुद्ध. आज त्याच भागात सिमेंटचे कारखाने आहेत. थोडक्यात, शुभ्र पांढरा रंग ही फुकट मिळणारी गोष्ट नव्हती. उलट काव आणि पिवडी बाजारात स्वस्त आणि राखाडी गिलावा झाकायला सोपी.

आता मुद्द्याची गोष्ट. चुन्यात कोणताही रंग मिसळता येत नाही. ओला चुना तीव्र अल्कली असतो आणि तो बरेच रंग खाऊन टाकतो. लोखंडाच्या ऑक्साइडचे मातीचे रंग, म्हणजे काव, गेरू, हिरमजी, पिवडी, आणि त्यांच्या जोडीला काजळी, हे चुन्यात वर्षानुवर्षे टिकतात. प्रशियन निळा चुन्यात तपकिरी पडतो. शिशापासूनचा क्रोम पिवळा नारिंगीकडे झुकतो. खरी नीळ, म्हणजे झाडाची, चुन्याने मरत नाही, पण उन्हाच्या बाजूला विटते. मोरचूद (तांब्याचे सल्फेट) चुन्यात टाकला की फिकट हिरवट निळा येतो आणि बुरशीही दबते. खेड्यापाड्यांतल्या भिंतींवरचा तो ओळखीचा रंग तिथून आला. पण मोरचूद विषारी आहे, तो कालवताना हातमोजे हवेतच.

दुसरी मर्यादा प्रमाणाची. चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रंग घातला तर चुना त्याला धरून ठेवत नाही. भिंतीला टेकले की सदऱ्याच्या पाठीवर तांबडा डाग. आणि दहा टक्के कावेने चुना लाल होत नाही, फिकट गुलाबी-केशरी होतो. म्हणून वाड्यातला खरा गडद तांबडा चुन्यात केलेला नसतो. तो सरसात, डिंकात, दुधाच्या चोथ्यात किंवा जवसाच्या तेलात कालवलेला असतो. सरस हाडा-चामड्याचा असल्याने शाकाहारी घरांत डिंक किंवा दूध पसंत केले जाई. जवस तर विदर्भाच्या रब्बीचेच पीक. त्याचे तेल हवेत वाळून घट्ट होते, करडईचे इतके चटकन आणि कडक होत नाही, शेंगदाण्याचे तर वाळतच नाही.

काव स्वस्त, पण सरस-तेलामुळे महाग पडणारा हा मेहनतीचा गडद थर कुठे लागे? खालच्या तीन-साडेतीन फुटांत. बैठकीत गादी-लोड टाकून जमिनीवर बसायचे, पाठ आणि तेल लावलेले डोके भिंतीला टेकायचे. पांढऱ्या भिंतीवर महिन्याभरात डोक्यांची तेलकट रांग उमटे. त्यामुळे डोक्याच्या उंचीपर्यंत कावेचा पट्टा, त्यावर काजळीची इंचभर रेघ, सवड असेल तर पत्र्याच्या साच्याने काढलेली वेलबुट्टी, आणि त्यावर किंचित नीळ घातलेला पांढरा किंवा पिवडी. कोनाड्यांच्या आतही पुष्कळदा गडद रंग भरलेला, कारण तिथे दिव्याची काजळी बसे. वर सागवानी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे छत, आधीच काळपट. मधला पांढरा भाग उजेड परतवण्यासाठी राखलेला असे. १८९४ नंतर रविवर्मा छापखान्यातली रंगीत चित्रे घरोघर पोचली, ती या मधल्या भागातच टांगली जात, सोबत आरसे.

उजेडाचा हिशेब आजही तोच आहे. चुन्याची ताजी पांढरी भिंत पडलेल्या उजेडाचा सुमारे चार पंचमांश भाग परत फेकते, गडद काव जेमतेम दहा-पंधरा टक्के. विदर्भात चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळिशी गाठतो, दुपारभर दारे-खिडक्या मिटलेल्या आणि दाराला वाळ्याची ताटी. खोलीत जो उजेड येतो तो चौकातल्या फरशीवरून उसळून, खालून वर. चारही भिंती गडद केल्या तर दुपारी तीन वाजता बैठकीत पेपर वाचता येत नाही. रात्री रॉकेलच्या पिवळ्या दिव्यात तांबडा आणि पिवळा उजळत, निळा मात्र करडा दिसे. ट्यूबलाइट आली आणि उलटे झाले: तिच्या निळसर उजेडात काव मेलेली दिसू लागली, आकाशी आणि पिस्ता खुलले. साठ-सत्तरच्या दशकांत खेड्यांत वीज पोचली त्याच सुमाराला बैठकींतून तांबडा गेला, यात वीज हे एक कारण होते असे मानायला जागा आहे.

निळ्याची कहाणी वेगळी. १८२८ पर्यंत फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन बनू लागली होती. कपड्यांना घालायची डबीतली नीळ ती हीच. ती स्वस्त झाली आणि चुन्यात टिकत असल्याने भिंतीवर चढली; फक्त चिंच-लिंबाचे पाणी लागले की फिकी पडते. पुढे विदर्भात या रंगाला आणखी एक अर्थ आला. १९४२ च्या जुलैत नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली, तिचा ध्वज निळा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरातच धम्मदीक्षा झाली आणि गावोगावच्या आंबेडकरी वस्त्यांत घराच्या दर्शनी भिंती निळ्या दिसू लागल्या. गावात निळा रंग नुसता 'कूल शेड' नाही. तो निवडताना किंवा टाळताना गावाला काय वाचता येते, हे रंगाच्या दुकानातल्या पुस्तिकेत लिहिलेले नसते. याच्या अगदी उलट टोक वर्ध्याजवळ, सेवाग्रामला: १९३६ पासूनच्या त्या कुट्यांत मातीचा लेप हाच रंग, आणि बापूकुटीच्या भिंतीवर मीराबेनने मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा.

मग पांढरा सर्वत्र कधी झाला? १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला. साथ पसरली तसा घरे चुन्याने पोतणे हा सरकारी आरोग्याचा उपाय ठरला, आणि दिवाळीआधीची पुताई, जी आधीही होतीच, तिला स्वच्छतेचे वजन आले. सरसात कालवलेल्या कावेवर दरवर्षी चुना मारला की काव आत गाडली जाते. १९५१ साली मालगुजारी गेल्यावर अनेक घरांत साच्याची वेलबुट्टी परत काढून घ्यायला पैसाही उरला नाही. त्यानंतर तयार डब्यांचा काळ. हावड्याजवळ १९०२ साली शालिमारचा कारखाना निघाला होता, १९४२ साली मुंबईत एशियन पेंट्स सुरू झाली. खेड्यात मात्र डिस्टेंपर आणि ऑइलपेंट रुळायला स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके गेली.

खरी खराबी याच थरांनी केली. माती-चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून हवेत सोडते. तिच्यावर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक इमल्शन चढले की ओल अडते, क्षार गिलाव्याच्या आत साचतात, रंगाला फोड येतात आणि खालचा दोन-तीन फुटांचा भाग पापुद्र्यांसकट गळतो. गडद रंगावर खार अधिक उठून दिसतो, म्हणून दोष रंगाला दिला जातो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला, विहिरीचेच पाणी खारे. तिथे गिलाव्याला किंवा चुन्याला ते पाणी वापरले तर भिंत पहिल्याच हिवाळ्यात पांढरी फुटते. साठवलेले पावसाचे किंवा नळाचे गोडे पाणीच घ्यावे. त्याहून वाईट म्हणजे सोललेल्या भागावर सिमेंटचा गिलावा आणि पुट्टी. सिमेंट कडक, खालचा चुना मऊ. पट्टा सुटून पोकळ वाजतो आणि ओल आणखी वर चढते.

म्हणून रंग निवडण्याआधी भिंत पाहावी. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने लावून चोवीस तास ठेवायचे. आतून दव धरले तर आधी ओलीचा बंदोबस्त, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर नेणे आणि बाहेरचा भराव जोत्याच्या खाली उतरवणे. जुने थर पाहायचे असतील तर दोन-दोन इंचांच्या पायऱ्या करून एकेक थर ब्लेडने उघडावा आणि पाण्याचे बोट फिरवून पाहावे, ओला रंग मूळच्या जवळ दिसतो. मूळ काव किंवा पिवडी सापडली तर दुकानातल्या पुस्तिकेपेक्षा तिच्यावर भरवसा ठेवावा.

वरच्या भागासाठी कळीचा (न विझवलेला) चुना १ किलोला ५ लिटर पाणी. चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. उकळी फुटते आणि उडतो, डोळ्यांना चष्मा हवा. चोवीस तासांनी जाड कापडाने गाळून दर १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा. पांढऱ्यासाठी किलोमागे ३ ग्रॅमपर्यंत नीळ, पिवडीसाठी १०० ग्रॅमपर्यंत. रंग आदल्या रात्री वेगळा भिजवावा, नाहीतर भिंतीवर रेघा ओढल्या जातात. भिंत ओलसर करून पातळ तीन-चार हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. ओला असताना तो जवळपास पारदर्शक आणि गडद दिसतो, वाळल्यावर कितीतरी फिका. त्यामुळे नमुना वाळल्याशिवाय मत देऊ नये.

खालच्या पट्ट्यासाठी साय काढलेल्या दुधाचा पिळलेला चोथा ५ भाग आणि विझवलेला घट्ट चुना १ भाग घोटला की चिकट पाक होतो. त्यात पाणी आणि भिजवलेली काव घालून लावावा. तो त्याच दिवशी संपवावा लागतो. पाक कमी पडला तर काव हाताला येते, फार झाला तर थर ताणून सोलतो. हा रंग हवा तो तांबडा तर देतोच, पुढे भिंतीचा श्वासही अडवत नाही. लग्नसराईच्या घाईत एप्रिल-मेमध्ये पुताई काढली जाते, पण उन्हाळी वाऱ्यात चुना मुरण्याआधीच वाळतो आणि भुकटी सुटते. दिवाळीपासून माघापर्यंतचा काळ बरा.

दारे, खांब आणि तक्तपोशीवरचा जुना गडद हिरवा किंवा तांबडा ऑइलपेंट मात्र वेगळ्या काळजीचा. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः सफेदा (शिशाचा पांढरा रंग) मिसळलेल्या, ते कितीही असू शकते. कोरडा सँडपेपर मारू नये, ब्लोलँपने जाळू नये. ओला करून खरवडावा, खपल्या प्लास्टिकवर गोळा कराव्यात, आणि काम संपेपर्यंत लहान मुले व गरोदर बाया त्या सोप्यात नकोत. सागवान मोकळे झाल्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात पुरतात. तेल पुसलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.