मोजलेली हवा आणि तो 'फुस्स'

टर्बोवाल्या पेट्रोल गाडीने गिअर बदलताना 'फुस्स' केलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काय ताकद आहे! गंमत अशी की तो आवाज येतो तेव्हा चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललेला असतो. ताकद नको असते, तेव्हाचा तो आवाज; दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या 'ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह' नावाच्या झडपेचा.

टर्बोत एका दांड्यावर दोन चक्रं असतात. एक एक्झॉस्टच्या गरम वायूंवर फिरतं, दुसरं, म्हणजे कॉम्प्रेसर, हवा दाबून इंजिनाकडे लोटतं. वेग मिनिटाला लाखाच्या वर. पाय उचलला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार, मिटतो, पण चक्र काही लगेच थांबत नाही. दाबलेली हवा बंद दारावर आपटून मागे फिरते आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांवर धडकते. हाच सर्ज; 'स्तुतुतुतु' अशी फडफड ऐकू येते ती याची. वारंवार झालं तर बेअरिंगला सोसत नाही.

म्हणून थ्रॉटलच्या अलीकडे, दाबाच्या पाइपवर हा व्हॉल्व्ह बसवतात. आत पिस्टन किंवा पडदा, त्याच्यावर स्प्रिंग, आणि वरून एक बारीक नळी थेट इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे थ्रॉटलपलीकडे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांना. थ्रॉटल उघडा असताना पिस्टनच्या वर-खाली साधारण सारखाच दाब, त्यामुळे स्प्रिंग त्याला मिटून ठेवते. थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो, पिस्टन वर खेचला जातो आणि हवा सुटते. ना मोटर, ना वायर. मला यातली ही साधी युक्तीच सगळ्यात आवडते.

कंपनीच्या गाडीत बहुधा असाच व्हॉल्व्ह आधीपासून असतो, फक्त तो सुटलेली हवा गुपचूप टर्बोच्या तोंडाशी परत नेतो. बाजारातला व्हॉल्व्ह ती बाहेर सोडतो, म्हणून आवाज. आणि इथेच खरी मेख आहे. ज्या गाडीत मास एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे ही हवा आत येतानाच मोजलेली असते. एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा, या हिशेबाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल सोडतो. हवा मात्र वाटेतूनच पसार! मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. एक्झॉस्टमधून फटाका फुटतो, काळा धूर येतो, सिग्नलला थांबताना इंजिन बंदही पडतं. फक्त मॅनिफोल्डचा दाब पाहून हिशेब करणाऱ्या गाड्यांना हा त्रास होत नाही.

बसवणं तसं अवघड नाही. इंजिन थंड होऊ द्यायचं, जुना व्हॉल्व्ह काढायचा, नव्याखाली ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) नीट बसवायची, क्लॅम्प आवळायचे. चूक होते ती बारीक नळीत. ती थ्रॉटलच्या पलीकडूनच, मॅनिफोल्डवरून घ्यावी लागते. अलीकडच्या पाइपला जोडली तर निर्वात मिळत नाही आणि व्हॉल्व्ह उघडतच नाही. स्प्रिंग फार सैल ठेवली तर इंजिन नुसतं चालू असतानाही तो उघडा राहतो, आणि मग न मोजलेली, न गाळलेली हवा आत शिरते. म्हणजे उलटी चूक. शेवटी पाइपमध्ये थोडा दाब भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा फुगला, तर क्लॅम्प पुन्हा सोडून ओ-रिंग बघायची.

डिझेलवाल्यांनी मात्र या फंदात पडू नये. तिथे पाय उचलल्यावर थ्रॉटल मिटून हवा अडवण्याचा प्रकार सहसा नसतो, त्यामुळे डिझेलला 'फुस्स' करायला लावणारी बहुतेक किट फक्त आवाजच विकतात.