बीआरएम केली म्हणजे सेल्फ सपोर्टेड रेसची तयारी झाली असं होत नाही

मागच्या रविवारी गंगापूर रोडला राईडनंतर मिसळ खाताना ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलं, "अरे तू तर एसआर आहेस ना, दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटरच्या सगळ्या बीआरएम एका वर्षात केल्यास, मग त्या हजार किलोमीटरच्या रेसला तीन महिने कसली तयारी करतोयस? सायकल तीच, बॅगा त्याच." बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांबची सायकल राईड, आणि सेल्फ सपोर्टेड रेस म्हणजे मागे मदतीची गाडी नसलेली रेस. प्रश्न अगदी रास्त आहे, मला पण आधी तसंच वाटायचं, म्हणून नीट लिहितो.

आधी एक बाजूला काढू. नाशिकमध्ये लांबची सायकल म्हटलं की रॅम (अमेरिका आडवी पार करायची सायकल रेस) आठवते, कारण आपल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ ला ती दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली. पण रॅममध्ये मागे गाडी असते, क्रू असतो, खायला-प्यायला हातात देणारी माणसं असतात. आपला विषय तो नाही. बीआरएम आणि सेल्फ सपोर्टेड रेस, या दोन्हीत मागे गाडी नसते आणि म्हणूनच लोकांची गल्लत होते.

गल्लत जुनीच आहे म्हणा. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ ला सुरू झाली तेव्हा चक्क रेस होती, शार्ल तेरोंने ती ७१ तास २२ मिनिटांत, न झोपता जिंकली. आज त्याच नावाच्या १२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (म्हणजे वेळेत पूर्ण करायच्या राईडला) जास्तीत जास्त ९० तास मिळतात आणि पहिला-दुसरा नंबर कोणी काढत नाही. बीआरएमचं पण तेच, २०० ला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास, त्यात आलात की झालं, आणि कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या हजेरीच्या ठिकाणी, फार लवकर पोचलात तर उलट तो उघडेपर्यंत थांबावं लागतं. रेसमध्ये घड्याळ थांबतच नाही, तुम्ही झोपा, जेवा, पंक्चर काढा, ते चालूच.

मदतीचा नियम ऐकायला सारखा वाटतो पण तसा नाही. बीआरएममध्ये घरचं कोणी कंट्रोलवर डबा घेऊन आलं तर चालतं, फक्त मधे रस्त्यात नाही. रेसमध्ये साधारण नियम असा की जे कुणालाही पैसे देऊन मिळतं तेवढंच घ्यायचं. म्हणजे रेसचा रस्ता नाशिकमधून गेला आणि माझी मावशी पंचवटीत राहते, तरी तिच्याकडे अंघोळ करून दोन तास पडायचं नाही, शेजारच्या लॉजवर मात्र पडू शकतो. आणि ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या मागे राहून वारा चुकवणं! बीआरएममध्ये चार जण मिळून ट्रेन करतात, धुळ्याच्या रस्त्याला दुपारी समोरून वारा लागला की पाळीपाळीने पुढे येतात. सोलो रेसमध्ये कुणाच्या मागे लपायचं नाही, सगळा वारा स्वतःच्या छातीवर. हे लक्षात न घेता बीआरएमचा ॲव्हरेज धरून रेसचा प्लॅन केला तर तो पहिल्याच दिवशी कोलमडतो.

आता खरा मुद्दा, रूट. बीआरएममध्ये आयोजकाने रस्ता आखलेला असतो, तुम्हाला फक्त त्या रेषेवर राहायचं असतं. रेसचे दोन प्रकार, काहींचा रस्ता ठरलेला असतो, पण २०१३ ला माइक हॉलने लंडन ते इस्तंबूल अशी ट्रान्सकॉन्टिनेंटल रेस सुरू केली तशा रेसमध्ये फक्त कंट्रोल पॉइंट ठरलेले असतात, मधला रस्ता तुमचा तुम्ही शोधायचा. माझी रेस या दुसऱ्या प्रकारची आहे. त्यामुळे माझे तीन महिन्यांतले दोन लॅपटॉपसमोर गेले आणि ते वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही.

पहिल्यांदा मी ॲपमध्ये कार मोडवर रेषा काढली तर ती सरळ समृद्धीवर गेली, तिथे टू-व्हीलरलाच बंदी आहे तर सायकलचं काय घेऊन बसलात. मग सायकल मोडवर काढली तर ती जव्हारकडे कुठल्यातरी पाड्यावरच्या कच्च्या रस्त्याने निघाली. शेवटी सॅटेलाइट व्ह्यूवर तुकडा तुकडा बघत बसलो, डांबर आहे का, पूल आहे का. चढाईचा आकडा पण एका ॲपचा दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून मी एकच ॲप धरलं आणि त्यावर आधी केलेल्या राईडचा आकडा बघून अंदाज बांधला.

जीपीएस डिव्हाइससाठी फाइल करताना अजून एक गोष्ट, ट्रॅक आणि रूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅक म्हणजे ठिपके जोडून काढलेली रेषा, डिव्हाइस ती जशीच्या तशी दाखवतं. रूट दिला की बरीचशी डिव्हाइस मधला रस्ता स्वतःच्या नकाशावर पुन्हा काढतात, आणि मग तुम्ही रात्रभर जागून टाळलेला कच्चा रस्ता परत समोर येतो. म्हणून मी ट्रॅकच टाकतो, तो पण दोनशे-दोनशे किलोमीटरचे तुकडे करून.

पण रेषा बरोबर असणं पुरेसं नाही हे मला ट्रायल राईडला कळलं. रात्री त्र्यंबकवरून मोखाड्याला उतरलो तेव्हा दोन वाजले होते, दोन्ही बाटल्या रिकाम्या, सगळी शटर खाली, एक कुत्रं तेवढं भुंकत मागे आलं. याच रस्त्याला बीआरएम केली होती तेव्हा इथे गरम चहा मिळाला होता, कारण आयोजकांनी टपरीवाल्या दादांना आधीच सांगून ठेवलं होतं, मला वाटलेलं ती टपरी रात्रभर चालूच असते! त्या दिवशी दीड तास घोटभर पाण्याशिवाय काढला. तेव्हापासून रूटच्या शेजारी वहीत लिहितो, कुठला पेट्रोल पंप रात्री चालू असतो, कुठल्या एसटी स्टँडवर नळ आहे, आणि मी तिथे किती वाजता पोचणार. ती वेळ नसेल तर यादीचा काही उपयोग नाही.

सामानाचं थोडक्यात. टूल, पंक्चरचा प्लग, एक ट्यूब, चेनची क्विक लिंक दोन्हीकडे लागतेच. रेससाठी मी वाढवलं ते म्हणजे डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, ब्रेक पॅडचा एक जोड, फाटलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा आणि सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला लावायचा छोटा पितळी अडॅप्टर. हा अडॅप्टर नखाएवढा आहे पण त्याने कुठल्याही पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते, आणि ते दुकान सगळ्यांसाठी उघडं असल्यामुळे नियमात पण बसतं.

चार्जिंगला सहाशेपर्यंत वीस हजार एमएएचची पॉवर बँक पुरते, प्रत्यक्षात तिच्यातून माझा फोन अडीच वेळा भरतो. तीन-चार दिवसांना ते गणित जमत नाही. डायनॅमो हब (चाक फिरताना वीज तयार करणारा) साधारण तीन वॅट देतो पण घाटात आठच्या स्पीडला तो फोन काही भरत नाही, आणि आपल्याकडे घाटच घाट. मी दोन पोर्टचा फास्ट चार्जर घेतलाय, जेवायला बसलो की ढाब्यावर पहिलं काम सॉकेट शोधणं.

आता फक्त गुजरातकडे उतरायचा तुकडा अडलाय, पेठवरून जावं की सापुतारावरून. पेठ रोडला सावळ घाट आणि कोटंबी घाट मी रात्री कधी केलेले नाहीत, म्हणून शनिवारी रात्री दहाला निघून पेठपर्यंत जाऊन येणारे. काका पण येतो म्हणालेत, पण त्यांना सांगितलंय की पन्नास मीटर मागे राहायचं आणि पाणी आपलं आपलं.