ग्लासातला गाळ येतो कुठून?

मुंबई-पुण्याच्या नळाला येणारं धरणाचं पाणी गाळून, क्लोरीन घालून येतं आणि पाणीपट्टी धरली तरी लिटरमागे काही पैशांत पडतं. तरीही घरोघरी आरओ (पाणी बारीक पडद्यातून दाबून क्षार काढणारं यंत्र) असतो, नाहीतर वीस लिटरचा जार. बोअरचं पाणी खारट असेल, किंवा यवतमाळ-चंद्रपुरातल्या काही गावांसारखं पाण्यात फ्लोराइड असेल, तर आरओ घेणं समजू शकतं. धरणाचं पाणी पिणारे पैसे का मोजतात? एक मोठं कारण आरओ विकणाऱ्याच्या पिशवीतून निघतं.

प्रयोग असा. दोन ग्लास घ्यायचे, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. चार कांड्यांचं यंत्र प्लगला लावून दोन्हींत बुडवायचं. मिनिटभरात नळाचं पाणी हिरवट, मग विटकरी होतं आणि वर फेस धरतो. आरओचं पाणी जवळजवळ तसंच राहतं. सोबतच्या तक्त्यावर प्रत्येक रंगापुढे एकेक विष छापलेलं असतं: आर्सेनिक, शिसं, कीटकनाशकं. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि तो चेकबुक काढतो.

तो गाळ पाण्यात नव्हताच, तो कांड्यांचा आहे. यंत्रात लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात आणि आतला डायोड घरातल्या विजेला एकाच दिशेनं वाहायला लावतो. धन टोकाच्या कांडीतलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतं. ऋण टोकाला पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजनचे बुडबुडे येतात (फेस त्यांचाच) आणि हायड्रॉक्साइड आयन उरतात. दोन्ही भेटले की हिरवट फेरस हायड्रॉक्साइड बनतं. पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे त्याचं विटकरी फेरिक हायड्रॉक्साइड होतं, म्हणजे साधा गंज. पांढरे पुंजके ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे. तुरटी फिरवल्यावर गाळ खाली बसतो तो याच पदार्थामुळे.

हिशेबही करून पाहा. ०.१ अँपिअर प्रवाह मिनिटभर वाहिला की ६ कूलोम विद्युतभार जातो आणि फॅरेडेच्या नियमानं साधारण १.७ मिलिग्रॅम लोखंड सुटतं. २०० मिलिलिटरच्या ग्लासात ते लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम झालं. पाण्याचा रंग आणि चव बिघडायला लिटरला ०.३ मिलिग्रॅमही पुरतं.

मग आरओचं पाणी स्वच्छ का राहतं? त्यातले क्षार काढलेले असतात, त्यामुळे वीज फारशी वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. विक्रेत्याला सांगा, आरओच्या ग्लासात नखाच्या टोकावर मावेल एवढं मीठ घालून तोच प्रयोग करा. तेही विटकरी होईल. (पाण्यात बोट घालू नका, यंत्र थेट २३० व्होल्टवर असतं.)

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरचंही तेच. तो विद्युतवाहकता मोजतो, तिला ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका आकड्यानं गुणतो आणि क्षारांचा अंदाज दाखवतो. भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह आहे आणि धरणाचं पाणी सहसा त्याच्या बरंच खाली असतं. जंतू या मीटरला दिसतच नाहीत. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, तर मीटर मोजतो एकेका मिलिग्रॅमच्या पटीत. 'अल्कलाइन' पाणी विकणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. जठरातल्या आम्लापुढे त्या पाण्याचा पीएच घोटभरही टिकत नाही.

नळाच्या पाण्याला येणारा वास लोकांना नको असतो. तो उरलेल्या क्लोरीनचा, आणि नळाच्या टोकाला लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायलाच हवा, कारण वाटेत पाइप फुटून घाण शिरली तर तोच जंतू मारतो. आरओमधला कार्बन फिल्टर हा क्लोरीन आधीच काढून टाकतो, नाहीतर पडदा खराब होतो. म्हणून आरओचं पाणी भरलेला जार न धुता पुन्हा भरला, तोटीला हात लागले, चार दिवस उघडा राहिला, तर जंतूंना अडवायला आत काहीच नसतं.

पैसे खर्चायचेच असतील तर गावचं पाणी तपासणारे जलसुरक्षक वापरतात ती ओटी टेस्ट करा. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. नाही आला, तर त्या दिवशी पाणी उकळून प्या आणि वॉर्ड ऑफिसला कळवा. जंतूंसाठी एचटूएस बाटली मिळते: खुणेपर्यंत पाणी भरून ती उबेत ठेवायची आणि २४ ते ४८ तासांत काळी पडली तर ते पाणी पिऊ नये. हीच बाटली जारच्या पाण्यालाही लावून बघा.