कॉश्च्यूम, करार आणि पाण्यातल्या मुली

ऑलिंपिक पदक जिंकलेली जलतरणपटू आणि पोहण्याचे कपडे बनवणारी कंपनी एकत्र येऊन मुलींसाठी एखादा उपक्रम जाहीर करतात, हे आता नेहमीचं झालं आहे. अशा बातमीचा नाशिकला काय उपयोग, हे समजायला उन्हाळ्याच्या सुट्टीत त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावावर जावं. आठ-नऊ वर्षांच्या मुली मुलांच्या बरोबरीने खोल बाजूला उड्या मारत असतात. सातवी-आठवीत गेल्या की त्यांतल्या बऱ्याच जणी दिसेनाशा होतात. विचारलं तर क्लास आहे, अभ्यास वाढला, सर्दी होते, अशी उत्तरं मिळतात. खरं कारण पुष्कळदा कॉश्च्यूम आणि पाळी हे असतं, आणि ते घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

कपड्यावरून मुलींना पाण्याबाहेर ठेवणं शंभर वर्षांहून जुनं आहे. पोहण्याच्या कपड्यांच्या कंपन्याही त्याच भांडणातून वाट काढत मोठ्या झाल्या.

ऑलिंपिकमध्ये बायकांचं पोहणं पहिल्यांदा आलं ते 1912 साली, स्टॉकहोमला. ऑस्ट्रेलियाची फॅनी ड्युरॅक तेव्हा जगातल्या सर्वांत वेगवान पोहणाऱ्यांपैकी एक होती, पण तिला पाठवायला तिच्याच प्रांतातल्या महिला जलतरण संघटनेचा नियम आड आला. पुरुष प्रेक्षक असतील तिथे मुलींनी शर्यतीत उतरायचं नाही, असा तो नियम होता. त्याच्या पाठीशी रोझ स्कॉट होत्या. बायकांना मताधिकार मिळावा म्हणून आयुष्यभर झगडलेली ही बाई, पण ओल्या कपड्यातली मुलगी चारचौघांपुढे उभी राहणं त्यांना पटत नव्हतं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण मुलींना अडवणारे नेहमी त्यांचं वाईट चिंतणारेच असतात असं नाही. लोकांनी ओरड केली, नियम सैल झाला, वर्गणी जमली. ड्युरॅकने 100 मीटर फ्रीस्टाइल 1 मिनिट 22.2 सेकंदांत जिंकली आणि तिची मैत्रीण मिना वायली दुसरी आली. अंगावर तेव्हा लोकरीचे कपडे असत, पाणी पिऊन जड होणारे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, 1914 मध्ये, स्कॉटलंडहून सिडनीला आलेल्या अलेक्झांडर मॅकरेने होजियरीचा कारखाना काढला. 1928 मध्ये या कारखान्याने पाठीवर पट्ट्या घेऊन हात मोकळे ठेवणारा पोशाख काढला आणि ‘स्पीडो’ हे नाव घेतलं. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 16 वर्षांची क्लेअर डेनिस हाच रेशमी पोशाख घालून उतरली, तर खांद्याचं हाड जास्त दिसतं म्हणून तिच्यावर आक्षेप घेतला गेला. आक्षेप टिकला नाही. तिने 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं (बेडकासारखे पाय मारत पोहण्याचा प्रकार) सुवर्ण जिंकलं.

डेनिस असो वा ड्युरॅक, पोहून पैसे मिळवण्याची त्यांना मुभा नव्हती. ऑलिंपिक हौशी खेळाडूंचं होतं, जाहिरातीतून कमाई केली की खेळाडू बाद. म्हणजे विजेतीच्या अंगावरचा पोशाख कंपनीचं नाव वाढवणार, पण त्या व्यवहारात तिचा वाटा काही नाही आणि शब्दही काही नाही. याचं टोक 1964 मध्ये टोकियोला दिसलं. डॉन फ्रेझरने तिथे 100 मीटर फ्रीस्टाइल सलग तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये जिंकली. प्रायोजकाने दिलेला पोशाख तिला सोयीचा वाटला नाही, म्हणून तिने आपला जुनाच घातला. अधिकारी या गोष्टीवर नाराज झाले. मनाई असताना ती उद्घाटनाच्या संचलनात चालली, हाही राग होता, आणि एक झेंडा पळवल्याचं प्रकरणही झालं. ऑस्ट्रेलियाच्या जलतरण संघटनेने तिच्यावर 10 वर्षांची बंदी घातली. ती पुढे लवकर उठवली, तोवर तिची कारकीर्द संपली होती. कुठला कपडा अंगाला बरा वाटतो, हे पाण्यात उतरणाऱ्या बाईनेच ठरवायचं असतं. तीन ऑलिंपिक जिंकलेल्या बाईलासुद्धा ते सुखाने ठरवता आलं नाही.

1980 च्या दशकात हौशीपणाची अट ढिली पडली आणि खेळाडूंना उघडपणे करार करता येऊ लागले. सुरुवातीचे करार मात्र वेगाच्या जाहिरातीचे होते. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या सुमारास आलेल्या अंग आवळणाऱ्या पोशाखांनी तर विक्रमांचा बाजार मांडला. 2009 च्या रोम जागतिक स्पर्धेत 43 विश्वविक्रम झाले, आणि 1 जानेवारी 2010 पासून फक्त विणलेल्या कापडाचे, बायकांसाठी खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचेच पोशाख चालतील, असा नियम आला.

मुलींसाठी काही करायचं, ही भाषा करारात शिरली ती त्यानंतर. अमेरिकेची सिमोन मॅन्युएल 2016 मध्ये रिओला 100 मीटर फ्रीस्टाइलमध्ये संयुक्त पहिली आली. पोहण्यात वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. तिच्या देशात कृष्णवर्णीयांना कित्येक दशकं पुष्कळ सार्वजनिक तलावांत उतरू दिलं जात नव्हतं, त्यामुळे त्या पदकाचं मोल निराळं होतं. 2018 मध्ये तिने ‘टायर’ (TYR) या पोशाख कंपनीशी करार केला तेव्हा आपली अट त्यात लिहून घेतली: ज्यांना आजवर डावललं गेलं त्यांना कंपनीने आपल्या कामात खरी संधी द्यायची. फोटोपुरतं ‘मुलींच्या पाठीशी’ असणं आणि करारात कलम असणं, यांत हाच फरक आहे.

त्याच रिओत चीनची जलतरणपटू फू युआनहुई रिले संपल्यावर पोट धरून बसली आणि आदल्या रात्री पाळी आल्याचं तिने कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं. पाळीच्या दिवसांत पोहण्याबद्दल उघड बोलणं सुरू झालं त्यात या प्रसंगाचा मोठा हात आहे. आता आतून शोषक थर असलेले पोशाख मिळतात. ब्रिटनची जलतरणपटू ॲलिस डिअरिंग हिने दाट, कुरळ्या केसांसाठी मोठी टोपी बनवणाऱ्या ‘सोल कॅप’ला साथ दिली. 2021 मध्ये जागतिक जलतरण संघटनेने ती टोपी नाकारली, ओरड झाली, 2022 मध्ये मान्यता द्यावी लागली.

आपल्याकडे या गोष्टीला वेगळं वळण आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला डॉली नझीर या जलतरणपटूबरोबर आरती साहा पोहायला गेली तेव्हा ती 11 वर्षांची होती. 29 सप्टेंबर 1959 ला तिने इंग्लिश खाडी पार केली, पहिला प्रयत्न फसल्यावर महिन्याभराने पुन्हा उतरून. असं करणारी ती आशियातली पहिली स्त्री. तिला हात दिला तो सरकारने आणि ओळखीपाळखीच्या माणसांनी. पोशाखाच्या कंपनीचा त्यात संबंध नव्हता. सहा दशकांनीही फार फरक पडला नव्हता. विदर्भातली कांचनमाला पांडे, जन्मापासून दृष्टी नसलेली, 2017 मध्ये बर्लिनच्या स्पर्धेला गेली तेव्हा मंजूर पैसे वेळेवर पोचले नाहीत आणि तिथे तिला उसनवारी करावी लागली. त्याच वर्षअखेर मेक्सिकोत ती जागतिक पॅरा जलतरणात सुवर्ण घेऊन आली.

नाशिकला मुली खेळात मागे आहेत असं मुळीच नाही. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य घेऊन आली आणि तिच्या मागोमाग आदिवासी पाड्यांवरच्या किती तरी मुली धावू लागल्या. पळायला रस्ता पुरतो. पाण्याचंही या भागाला वावडं नाही. परकराचा कासोटा मारून, पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या आज्या अजून भेटतील. रामकुंडावर बायका नेसत्या लुगड्यानिशी डुबकी मारतात. तलावाची गोष्ट मात्र निराळी. तिथे सुती टी-शर्ट, लेगिंग चालत नाहीत, कारण सुताचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. मग आई फ्रॉकचा कॉश्च्यूम घेते. पाण्यात त्याचा घेर वर तरंगतो, मुलगी एका हाताने तो खाली ओढत राहते, आणि ब्रेस्टस्ट्रोकची किक बसतच नाही. गुडघ्यापर्यंतचा स्वस्त नायलॉनचा घ्यावा तर क्लोरीनने एका मोसमात इलास्टिक मरतं, बसायच्या जागी कापड विरळ होतं, आणि एवढं एक कारण तेरा वर्षांच्या मुलीला घरी बसायला पुरतं. लांब वेणीचा अंबाडा साध्या टोपीत मावत नाही, चार हात मारले की टोपी निसटते. पाळी आली की आठवडा बुडतो. शिकवणारे सर असतील तर का बुडाला, हेही तिला सांगता येत नाही. महिलांच्या स्वतंत्र बॅचला बाई प्रशिक्षक मिळू शकतात, पण शर्यतीची तयारी करणाऱ्या मुलीचं त्या बॅचवर भागत नाही.

उद्या एखादी विजेती आणि एखादी कंपनी नाशिकच्या मुलींसाठी पुढे आली, तर करारात या गोष्टी नावानिशी असायला हव्यात: क्लोरीनला टिकणाऱ्या पॉलिस्टरचे वर्षाला दोन कॉश्च्यूम, अंबाडा मावेल अशी टोपी, पाळीच्या दिवसांचा पोशाख, आणि स्पर्धेच्या बॅचवर पगारी बाई प्रशिक्षक. मदत पहिल्या उन्हाळ्यापुरती न ठेवता मुलगी दहावी होईपर्यंत चालली पाहिजे, कारण गळती होते ती सातवी ते दहावीच्या मधेच.